दूध कट्टा हलवायचा, तर आधी म्हशीला विचारा

कोल्हापूरला मी तशी वर्षातून दोनदा जाते, पण यंदा गेले ते सुनावणीला. मंगळवार पेठेत माझी लेक सुनंदा राहते. तिचा फोन आला, "आई, महापालिकेनं पेठेचा नवा आराखडा लावलाय, त्यावर सुनावणी हाय. रस्ता रुंद हाय, मोटारी लावायला चार मजली इमारत हाय, झाडं हाईत, बाकडी हाईत. आमचा दूध कट्टा तेवढा न्हाई."

बाहेरच्यांसाठी सांगते. संध्याकाळी गवळी चौकात म्हशी आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ कोमट दूध तिथंच ग्लासात देतात. वीस रुपयाला ग्लास. सुनंदाच्या दोन म्हशी तिथं उभ्या राहतात म्हणून तिचं घर उभं आहे. मी नाचणीचं पीठ आणि दोन लुगडी पिशवीत भरली नि निघाले.

आमच्या गगनबावड्याहून सकाळची यष्टी धरा, बाईमाणसाला अर्धं तिकीट. सीबीएसच्या मोठ्या स्टँडपर्यंत बसून राहू नका, रंकाळा स्टँडलाच उतरा, पेठ तिथनं जवळ. कळे गावाच्या पुढं रस्ता खणलेला होता, त्यामुळं सव्वादोन तास लागले. पण उसाची शिवारं बघत वेळ बरा जातो. शेजारच्या बाबांनी विचारलं, "मावशी, कुठं निघालासा?"

"सुनावणीला."

"कोर्टाच्या?"

"न्हवं, म्हशीच्या."

मग पुढचा सगळा रस्ता त्यांनी मला त्यांच्या म्हशीचं पोटाचं दुखणं सांगितलं.

पोचल्यावर मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, पाव दोन, कट हवा तेवढा. दुपारी शाळेच्या हॉलमध्ये गेलो. भिंतीवर पेठेचा मोठा नकाशा होता. त्यात सुनंदाचं घर मला सापडलं, चौक सापडला, म्हशींच्या जागी हिरवे गोल होते. ती झाडं म्हणे.

लोक मोकळं बोलत होते. फुलवाली म्हणाली, "रुंद करा रस्ता. सणाला माणसं माझ्या टोपलीवर पडत्यात." भांड्याच्या दुकानाचे मालक उठले, "रुंद करा म्हणं. माझी पुढची खोली जाती, मी काय भिंतीत बसू?" एक रिक्षावाला म्हणाला, "गाडी लावायला जागा द्या, बाकी काय बी करा." मला तर सगळ्यांचंच पटत होतं.

गवळ्यांची पाळी आली तेव्हा महापालिकेचे साहेब म्हणाले, "तुमच्यासाठी शहराबाहेर पत्र्याची शेड बांधून तयार आहे. नळ आहे, गटार आहे." रिक्षानं वीस मिनिटांवर. मी उभी राहिले. "साहेब, जागा बदलली की म्हैस दूध चोरती."

"आजी, तुम्ही कुठल्या?"

"गगनबावड्याच्या."

"मग बसा. मत पेठेतल्यांचंच घ्यायचंय."

बसले, आणि सुनंदाला कोपर मारलं. ही पोरगी लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर माजघरात पळाली होती. पण उठली. माइक हातात घेतला आणि म्हणाली, "साहेब, बिजली मी आईच्या गोठ्यातनं आणली, तवा नऊ दिवस तिनं नीट दूध दिलं न्हवतं. आम्हास्नी काय इचारता? पंधरा दिवस आम्ही शेडवर म्हशी बांधतो. त्यास्नी मानवलं तर आम्ही जातो. न्हाई मानवलं तर कट्टा नकाशात काढा."

हॉल हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "लिहून द्या. उद्यापासून बांधा." मला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेडवर गेलो. जागा खरंच चांगली, वारा खेळता. बिजलीपुढं पेंड-भुशाच्या आंबोणाची पाटी ठेवली, तरी ती मान वर करून पत्र्याकडं बघत राहिली. मोठ्या मुश्किलीनं अर्धा ग्लास निघाला. म्हातारे बापू गवळी खूश झाले, "शाब्बास बिजले, अशीच अडून ऱ्हा."

मी पण हळूच म्हटलं, "सुनंदे, फार चुचकारू नको तिला."

"आई, दूध अंगात ऱ्हायलं तर कास सुजंल तिची," असं म्हणून ती बिजलीच्या पाठीवरून हात फिरवत तासभर बसली. मग दीड लिटर निघालं. तेवढंच तिनं कागदावर लिहिलं.

सोमवारी दुपारच्या यष्टीनं घरी आले. रोज फोन येई. दोन लिटर, तीन, साडेतीन. अकराव्या दिवशी म्हणाली, "आज चरवी भरली, आई. बाकीच्यांच्या बी म्हशी रुळल्या."

"मग जाणार?"

"मीच बोलले न्हवं का माइकवर."

"गिऱ्हाइकं किती आली?"

"दोघं. आई, म्हशींचं इचारलं आपण. माणसांचं इचारायचं ऱ्हायलं."

खरंच की. हॉलभर माणसं होती आणि हे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. माझी लेक चारचौघांत उभी राहून बोलली याचा आनंद मला अजून आहे, तो काही जात नाही. पण चरवीभर दूध घेऊन ती तिथं बसलेली डोळ्यांसमोरनं हलत नाही.

म्हणून कोल्हापूरला जाणाऱ्यांना सांगते. रंकाळा झाला, देवदर्शन झालं की रिक्षावाल्याला म्हशींची नवी शेड सांगा. संध्याकाळी साडेपाचच्या पुढं जा. ग्लास वीसलाच आहे. बिजली डावीकडून पहिली, एक शिंग खाली वळलेली.