महिपतच्या हातची ख्याती

महिपत शेडगे मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता आणि डोंबिवलीत मानपाडा रस्त्याच्या आतल्या अंगाला एका बैठ्या चाळीत एकटा राहत होता. एकटा म्हणजे बिनलग्नाचा नव्हे. लग्न झालं होतं, बायको होती, तिचं नाव रतन होतं आणि ती फार चांगली होती. पण ती माणदेशात सासूपाशी होती आणि हा इथे स्टोपाशी.

रतन इथे का नाही, याचं कारण सांगायलाही महिपतला लाज वाटे. कारण म्हणजे एक म्हैस. शेडग्यांच्या दावणीची ही म्हैस रतनखेरीज दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू देत नसे. महिपतच्या आईने, भागीरथीबाईंनी, एकदा प्रयत्न करून पाहिला होता. तेव्हापासून त्या उजव्या पायाने जरा जपून चालत. त्यामुळे एकीकडे मुलगा आणि दुसरीकडे म्हैस असा सामना होता. म्हैस रोज दूध देत होती आणि मुलगा रतनला पाठवा म्हणून नुसती कारणं देत होता.

खरं कारण त्याने कधी दिलंच नव्हतं. खरं कारण असं होतं, की महिपत उपाशी होता.

अगदी अन्नान्नदशा नव्हे. पण स्वयंपाक या गोष्टीने त्याला कधी जवळ केलं नाही. वातीचा स्टो होता, पण रेशनकार्डावरचं नाव गावातच राहिलेलं. म्हणजे सरकारच्या लेखी महिपत माणदेशात रॉकेल जाळत होता आणि डोंबिवलीत त्याला जे मिळे ते उसनं किंवा काळ्या बाजाराचं. म्हणून तो वाती अगदी बारीक ठेवी. एवढ्याशा आचेवर भात शिजायला इतका वेळ लागे, की महिपत वाट पाहत भिंतीला टेकून झोपे आणि खालचा भात करपून वरचा कच्चा असतानाच त्याला जाग येई. मधला एक थर तेवढा जमलेला असे. तो चमच्याने अलगद काढून खाण्यात महिपत पटाईत झाला होता.

भाजीचं दुःख वेगळं. भाजीवाली एकट्या माणसासाठी मेथीची जुडी फोडून देत नाही. घ्यायची तर अख्खी घे. मग एक जुडी घेतली की पहिल्या दिवशी मेथीची भाजी, दुसऱ्या दिवशी मेथीचीच भाजी, तिसऱ्या दिवशी डाळीत मेथी आणि त्यापुढे जे काही शिल्लक असेल त्याला मेथी म्हणणं हा मेथीचा अपमान. दूध नासे. कोथिंबीर पिवळी पडे. त्यात कारखान्याचे रंग काही हातावरून पुरते जात नसत. निळ्या रंगाचं काम चालू असलं की त्या आठवड्यात महिपतच्या कणकेकडे चाळ संशयाने बघे.

राहता राहिलं पिठलं. बेसन, पाणी, मीठ, तिखट. पिठल्याने आजवर कुणाला दगा दिलेला नाही. महिपतच्या हाती मात्र त्याच्या गुठळ्या होत. आणि त्या फोडल्या की आत कोरडं पीठ जसंच्या तसं निघे.

करपल्याचा वास भिंतीपलीकडे जाई. पलीकडे सगुणाकाकी राहत. खाडीकाठच्या कोळी घरातल्या, आवाजाने भरभक्कम, मनाने त्याहून.

"महिपता, यो काय जलतंय रं?"

"भात आहे, काकी."

"भात हाय का खल हाय? नको खाऊस त्यो. थांब जरा."

आणि एका डब्यात वालाचं बिरडं येई. पलीकडच्या अंगाला चित्रावहिनी होत्या, राजापूरकडच्या. त्यांच्याकडून काळ्या वाटाण्याची उसळ येई. "भावोजी, जास्तच झाली हो," असं म्हणत त्या वाडगा ठेवून जात. कोकणी माणसाचं काहीही जास्त होत नसतं, हे महिपतला कळत होतं. पण भुकेला इतकं कळून चालत नाही.

आता अडचण पुढे आहे. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे महिपतच्या हाडीमाशी खिळलेलं. काही नाही तर चिमूटभर साखर घालून द्यावी. एकदोनदा त्याने साखर घालून दिली. पण तीही रेशनविना आणलेली, चहापुरती. शिवाय सगुणाकाकी म्हणाल्या, "अरं, माझे घरान काय मुंग्या कमी हायत?" तेव्हा महिपतने मनाशी ठरवलं, की आपल्या हातचं काहीतरी चांगलं जमेल, त्या दिवशी ते भरूनच भांडी परत करायची.

तो दिवस उगवेना. भांडी मात्र साठत गेली. डबे, वाडगे, झाकणीची पातेली, चित्रावहिनींची बीडाची कढई. महिपत ती घासूनपुसून फळीवर ओळीने मांडून ठेवी. त्याची स्वतःची ताटली आणि पातेलं त्या झगमगाटात गरीब पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी. शेजारणीही भांडी मागत नसत. मागितली तर त्यात काही घालून मागितल्यासारखं होतं. दोन्हीकडून सभ्यता इतकी होती, की कुणालाच हलता येईना.

एवढं सगळं गावी सांगितलं असतं तर रतन कधीच आली असती. पण पहिल्यांदा सुट्टीला गेला तेव्हाच घात झाला. पंगतीत चुलते म्हणाले, "काय रं, वाळून काडी झालीया तुझी. शेरात जेवतोस का न्हाई?" सगळे हसले. आतून रतन बघत होती. बायकोदेखत काडी म्हणवून घेणं कोणत्या नवऱ्याला रुचेल? महिपत ताठ बसला आणि म्हणाला, "जेवतो म्हणजे? सगळं हातानं करतो. वालाचं बिरडं करतो, काळ्या वाटाण्याची उसळ करतो." बोलता बोलता त्याला इतकी भूक लागली, की वर्णनाला आपसूकच रंग भरला.

भागीरथीबाई चुलीपाशी ऐकत होत्या. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाबा. मग रतनची नड न्हाई तुला."

त्या वाक्यानंतर महिपत जे गप्प झाला ते सत्त्याऐंशी सालच्या गणपतीपर्यंत. गणपतीच्या आधी निरोप आला, की आई येतेय. मुलाचा संसार डोळ्यांनी बघायला.

महिपतला इतका आनंद झाला, की ती यायच्या दिवशी त्याने भात करपू दिला आणि मुद्दाम तसाच ठेवला. आता तोंडाने काही कबूल करायला नको. आईने खोलीत पाऊल टाकावं, काळं पातेलं बघावं, डब्यातलं शिळं पावाचं टोक बघावं आणि म्हणावं, चल, पाठवते रतनला. त्याने काही आवरलं नाही. कांद्याची सालंसुद्धा जागची हलवली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गरिबीची त्याने अशी मनापासून आरास केली आणि कल्याणच्या एसटी स्टँडवर आईला आणायला गेला.

जाताना किल्ली सगुणाकाकींकडे दिली. नळाला पाणी दुपारीच येई आणि त्याचं पिंप त्याच भरत. किल्ली देताना चूक करून बसला. म्हणाला, "काकी, आई येतेय गावाहून. माळकरी आहे हो."

तो गेला आणि सगुणाकाकींनी दार उघडलं. आतली आरास बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"चित्रा! ए चित्रा! अगं इकरं ये. या पोराची आये येतेय आन् यो उकिरडा बघ. ती बाय म्हनेल, शेजारी हायत का दगड?"

चित्रावहिनी आल्या. त्यांची नजर फळीवर गेली. "अगं बाई, माझी कढई! आणि हा वाडगा... काकी, हा तुमचा डबा ना?"

"माझाच. पन आता नेतेस कुठं रिकामी? आईसमोर पोराची फली उघडी परंल."

मग त्या दोघींनी खोली झाडली, काळं पातेलं घासून पांढरं केलं, पाव कावळ्याला घातला आणि आपापल्या घरी जाऊन स्टो पेटवले.

महिपत आईला घेऊन आला, दार उघडलं आणि त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच्या खोलीत शिरलो. फळीवरचं एकेक भांडं भरलेलं. बिरडं होतं. उसळ होती. कढईत भोपळ्याचे घारगे होते, आणि फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या.

भागीरथीबाईंनी बोचकं खाली ठेवलं. एका भाकरीला बोट लावून पाहिलं. "आरं महिपता, ही कशाची रं?"

"आई," महिपत घाईने म्हणाला, "हे मी केलेलं नाही. हे शेजारणींनी केलंय. मला काहीच येत नाही. मी उपाशी असतो."

ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत खरी तीन-चार वाक्यं. आईने ती नीट ऐकून घेतली आणि तेवढ्यात दारात सगुणाकाकी उभ्या राहिल्या. पोराची अब्रू जाताना बघून त्यांना राहवेना.

"नाय वं आये! काय ऐकतेस त्याचा? सकालधरनं खपत व्हता. आमीच येतो याच्याकरं शिकाया."

मागून चित्रावहिनी म्हणाल्या, "खरंच आई, भावोजींचा हात फार चांगला आहे."

महिपत म्हणाला, "काकी, अहो—"

"गप रं. आईला कसला लाजतंस?"

भागीरथीबाईंचा चेहरा फुलला. "ल्हानपणापास्नं असाच हाय बघा. केलेलं सांगायचा न्हाई."

शेजारणी गेल्यावर महिपतने पुन्हा सुरुवात केली. देवाची शपथ घातली. आईने घारगा मोडत शांतपणे विचार केला आणि म्हणाली, "बरं, त्यांनी केलं आसंल. मग तर माझी काळजीच मिटली. एवढ्या मायेच्या बाया हायत हितं. रतनला आणून काय करू? म्हस कुणी बघायची?"

म्हणजे आपण केलं म्हणावं तरी रतन नाही आणि शेजारणींनी केलं म्हणावं तरी नाही. महिपतने डोकं धरलं. मग त्याला एकदम सुचलं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आई मानणार नाही ना? तर डोळ्यांनीच बघू दे.

"आई, संध्याकाळी तुला मी पिठलं करून घालतो. तुझ्यासमोर."

त्याने काहीही सोंग केलं नाही. सोंग करायची गरजच नव्हती. नेहमीसारखं बेसन एकदम ओतलं, नेहमीसारखं ते रुसलं, मीठ घातलं का नाही हे विसरून पुन्हा घातलं. आई पाटावर बसून सगळं बघत होती. महिपतने ताट समोर ठेवलं तेव्हा त्यात चार-पाच गुठळ्या नदीतल्या दगडांसारख्या डोकं वर काढून होत्या. त्याला इतका विश्वास स्वतःच्या कुठल्याच पदार्थाबद्दल कधी वाटला नव्हता.

भागीरथीबाईंनी घास घेतला. एक गुठळी फोडली. आतलं कोरडं पीठ बघितलं. आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं.

"जमलं नाही ना?" महिपतने आशेने विचारलं.

"तुझ्या बापाच्या हातचं," त्या म्हणाल्या. "तू झालास तवा म्या बाजंवर हुते. घरात कोण न्हाई. ते करून घालायचे. आसंच. खारट, गुठळ्याचं. ते गेल्यापास्नं या चवीचं कुणी केलं न्हाई रं."

त्यांनी ताट पुसून खाल्लं. पातेलं खरवडून मागितलं. महिपतने वाढलं. दुसरं काय करणार? वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते पिठलं करत हे त्याला आजच कळत होतं. त्याने रिकामं पातेलं बोटाने पुसून बोट चाटलं. ती वडिलांची माया होती का भूक, हे त्यालाच सांगता आलं नसतं, कारण पिठलं सगळं आईने संपवलं होतं.

सकाळी निघताना त्यांनी चाळीला हात जोडले, सगुणाकाकींना मिठी मारली आणि एसटीत बसताना मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता माझा जीव निवांत झाला. आन् एक काम कर. माझा भाऊ, गोमाजीमामा. त्याच्या सुना त्याला धड वाढत न्हाईत. धाडते तुझ्याकडं. तुझ्या हातचं चार म्हयने खाऊन सुधारंल."

एसटी हलली. महिपत काहीतरी ओरडला, पण ते इंजिनाने गिळलं.

गणपती झाले आणि गोमाजीमामा आले. वयाने थकलेले, दातांनी रिते, पण भुकेच्या बाबतीत ऐन तारुण्यात. पिशवी ठेवली, पाय धुतले आणि भिंतीला टेकून प्रसन्न चेहऱ्याने बसले.

"गावात लई नाव झालंय तुझं," ते म्हणाले. "भागीरथी सांगत सुटलीया. दातं न्हाईत मला, तवा भात जरा मऊ कर."

"मामा, रतन काय म्हणाली?" महिपतने विचारलं.

"व्हय, तिचा निरोप हाय. लई मनाला लावून घेतलंया पोरीनं. म्हनली, त्यांना आसलं आसलं खायाची सवय. माझ्या हातची नुसती भाकरी-कोरड्यास त्यांना कशी जाईल? ते काळ्या वाटाण्याचं कसं करायचं ते समदं इचारून घे म्हनली. जमाया लागल्यावरच येईन म्हनली. तवर न्हाई."

बाहेर चाळीतले स्टो एकेक करून पेटायला लागले होते आणि कुणाच्या तरी घरून खोबरं भाजल्याचा वास येत होता.

"मामा, तुम्ही पडा जरा," तो म्हणाला, आणि उठून चित्रावहिनींच्या दारात जाऊन उभा राहिला. आतून त्यांनी विचारलं, "काय हवंय, भावोजी?" "वहिनी," महिपत म्हणाला, "काळे वाटाणे भिजत घालायचे, तिथपासून सांगा."