'पावणा' कोण होता

"हे सदर संपादकसाहेबांनी लिहिलेलं नाही," मी तिसऱ्यांदा सांगितलं. समोर आमच्या कोल्हापुरातल्या दैनिकाचा नवा डिजिटल हेड बसला होता. त्याच्या स्क्रीनवर आमच्या दिवंगत संपादकांचा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'जिल्ह्याचे पहिले ब्लॉगर'. वर्धापनदिनाला ते पान वेबसाइटवर जाणार होतं.

मी तिथला निवृत्त उपसंपादक. म्हणजे आलेला मजकूर वाचायचा, कापायचा, मथळा द्यायचा आणि पानात बसवायचा. 'पावणा' या टोपणनावाचं साप्ताहिक सदर कित्येक वर्षं माझ्या हातून गेलं. आज ब्लॉग म्हणतात तो हाच प्रकार. एका माणसाने मनातलं लिहायचं, लोकांनी शिव्या नाहीतर शाबासकी कळवायची, पुढच्या आठवड्यात त्याने उत्तर द्यायचं. तेव्हा कॉमेंट पोस्टाने यायची, एवढाच फरक.

त्यामुळे ब्लॉगर म्हणायला माझी हरकत नव्हती. माणूस भलताच होता, याचा संताप होता. 'पावणा' म्हणजे कबनूरच्या प्राथमिक शाळेतल्या सुमनबाई. गळक्या वर्गांवर आणि शाळेकडे न फिरकणाऱ्या अधिकाऱ्यांवर त्या सडकून लिहायच्या. नाव फुटलं असतं तर खात्याची नोटीस ठरलेली. आमच्या छापखान्यात त्यांचा एक नातेवाईक होता, तो अक्षर ओळखायचा. म्हणून मी प्रत्येक लेख माझ्या अक्षरात उतरवून घ्यायचो आणि मूळ कागद फाडून टाकायचो.

"म्हणजे पुरावा नाही," हे सगळं ऐकून हेड म्हणाला.

"मी हाय की."

"काका, अक्षर तुमचं आहे. उद्या तुम्हीच म्हणाल, मी लिहिलं."

कानाखाली वाजवावीशी वाटली. वयाकडे बघून गप्प बसलो. त्याच्या की माझ्या, ते आता आठवत नाही.

तडक कबनूरला गेलो. बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. शेजारी यंत्रमाग चालू असल्याने तिथे मोठ्याने बोलावं लागतं. मी तसाही ओरडतच होतो. हेड काय म्हणाला, कागद मी कसे फाडायचो, सगळं सांगितलं. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या.

"वाचकांची पत्रं हायत. तुम्हीच पाठवत होता न्हवं? मागची कोरी बाजू मी वाया घालवली न्हाय."

पत्राच्या एका बाजूला आमच्या ऑफिसचा आवक शिक्का होता, म्हणजे पत्र कधी आलं त्याची तारीख. दुसऱ्या बाजूला बाईंनी पेन्सिलीने लिहिलेलं उत्तर, खाडाखोडीसकट. पेटी घेऊन परतलो आणि ऑफिसात जुन्या अंकांच्या फायली काढायला लावल्या. पुढच्याच आठवड्याच्या सदरात तीच वाक्यं छापलेली सापडली.

हेडने पत्रं उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "ठीक आहे. 'संपादकांच्या मार्गदर्शनाखाली सुमनबाई' असं टाकू."

"कसलं मार्गदर्शन? साहेब ते सदर छापून आल्यावर चहाबरोबर वाचायचे. ती ओळ काढा. न्हायतर ही पत्रं घेऊन मी दुसऱ्या पेपरात चाललो."

ओळ निघाली. फोटोही निघाला. वर्धापनदिनाला वेबसाइटवर फक्त बाईंचं नाव होतं. मी फुशारकीनेच फोन लावला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "पण जाधव, कागद फाडत होता हे मला परवा कळलं. मला वाटलेलं, तुमच्या कपाटात असतील. तुम्ही कापून जेवढं ठेवलं तेवढंच छापलं. पेटीत तर नुसती उत्तरं हायत. माझं पुरं लिहिलेलं आता मी कुठं वाचू?"

इतके दिवस मी हेडवर चिडत होतो, आणि बाईंचं निम्मं लिखाण माझ्याच हाताने केराच्या टोपलीत गेलं होतं.

गुपित राखायचं असेल तर मूळ कागद कुलपात ठेवावेत. उपसंपादकाला कापायचा अधिकार असतो, फाडायचा नाही.