टोकरखाड्याचा फ्लॅट आणि तीन पोरी

हल्ली बायका मला विचारायला येतात. कुणी इथे सिल्वासात, आमलीला खोली घेतलेली असते, कुणी फ्लॅट, आणि भाड्याने द्यायचा असतो. करार अकरा महिन्यांचा करा, पोलिसांत कागद द्या, लाइटचं मीटर वेगळं घ्या, सगळं सांगते. पण त्यांचा खरा प्रश्न मागाहून येतो, तोही आवाज खाली करून. ‘कोणाला ठेवायचं नाही?’ झालं, माझं डोकं फिरतं.

मी मूळची धुळ्याकडची. आमचे हे मसाटच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर कंपनीकडून जे मिळालं त्यात मी टोकरखाड्याला फ्लॅट घेतला, आणि स्वतः आमलीच्या जुन्या खोलीतच राहिले. दीर म्हणाले, पैसा बँकेत ठेवा. मी म्हटलं, भाऊजी, बँकेतला पैसा तुम्हाला उसना मागता येतो, फ्लॅट कसा मागाल? तेव्हापासून ते माझ्याकडे चहाला येत नाहीत. साखर वाचली.

फ्लॅट बरेच दिवस रिकामा पडला. मग दलालाने नंदुरबारकडच्या तीन पोरी आणल्या. धाग्याच्या कारखान्यात कामाला, हातात जेमतेम एकेक बॅग. जिथे जातील तिथे एकच उत्तर, ‘फक्त फॅमिली’. थोरली म्हणाली, “मावशी, खोली नाही मिळाली तर गावी जावं लागेल. बाप वाटच बघतोय. गेले की लग्न लावून मोकळा होईल.” मी लगेच किल्ली दिली. माझा फ्लॅट, माझी मर्जी.

आता आमच्या सिल्वासाची एक रीत आहे. इथे निम्मे भाडेकरू कोणाचे तरी भाचे असतात! बिहारचा वेल्डर गुजराती शेठचा भाचा असतो आणि कोणाची भुवई हलत नाही. सोसायटीत नातं सांगायचं, सगळ्यांनी खरं मानायचं, संपलं. दलालाने मला न विचारता तीच चाल खेळली. वॉचमनला सांगून टाकलं, पोरी मावशींच्या भाच्या आहेत.

पुढच्या आठवड्यात पोरींची दुसरी शिफ्ट लागली. कंपनीची बस त्यांना मध्यरात्री गेटवर सोडायची. झालं, सोसायटीच्या पोटात दुखायला लागलं. सेक्रेटरी माझ्या खोलीवर आले. नाशिकचे इंजिनियर, बोलणं अगदी गोड.

“काकू, त्या तुमच्या भाच्या नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण आम्ही मानतोय ना! तुम्ही फक्त मावशीच्या नात्याने त्यांना समज द्या. दहाच्या आत घरात यायचं.”

“दहाच्या आत यायचं म्हणजे शिफ्ट सोडायची. शिफ्ट सोडली की नोकरी गेली.”

“ते त्यांचं त्यांनी बघावं. घरच्या मुलीला आपण सांगतोच की.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर मलाही ती भाचीची थाप निरुपद्रवी वाटत होती. आता कळलं, ही मेहरबानी कशासाठी. भाची म्हटलं की ती सगळ्यांच्या धाकातली. कोणीही उठावं आणि विचारावं, कुठे होतीस.

रविवारी दुपारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग होती. पोरी एका कोपऱ्यात उभ्या, सोबत दलालही आलेला. सेक्रेटरींनी सुरुवात केली, “काकूंच्या भाच्यांबद्दल...”

“भाच्या नाहीत,” मी म्हटलं. “भाडेकरू आहेत. माझ्या कोणी लागत नाहीत.”

दलाल मान खाली घालून मोबाइल बघायला लागला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणाल्या, “मग तर बोलायलाच नको! पोरी अर्ध्या रात्री येतात, आमच्या घरात मुलंबाळं आहेत.”

“ताई, तुमचे मिस्टर कुठल्या बसने येतात?”

 पोरींच्याच बसने यायचे ते. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

“त्यांची गोष्ट वेगळी,” सेक्रेटरी म्हणाले.

“कशी वेगळी? तेही थकून येतात, याही थकून येतात. बरं, काढायचंय ना पोरींना? द्या लिहून. कामावरून घरी येतात म्हणून काढतोय, असं लिहा आणि खाली सह्या करा सगळ्यांनी. मी वकिलाला दाखवते.”

आमच्याकडे बोलायला सगळे शूर, सही म्हटलं की पेन सापडत नाही. एकेक जण उठला. कोणाचं दूध उतू जात होतं, कोणाचा फोन वाजत होता. पत्र काही आलं नाही. माझ्याशी बोलणं मात्र अर्ध्या सोसायटीने टाकलं. टाकू दे.

सगळे गेल्यावर थोरली माझ्याजवळ आली.  “मावशी, तुम्ही भाच्या म्हणाला असतात तर एवढी भांडणं झाली नसती.”

“भाची असतीस,” मी म्हटलं, “तर मीच तुला दहाच्या आत घरात यायला लावलं असतं.”

 तिने डब्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि दुसऱ्या शिफ्टच्या बसला निघाली.