हातभर जास्तीची नळी

माझी शेवटची पोस्टिंग चौदा हजार फुटांवरच्या एका ठाण्यावर होती. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, घर अमरावतीला राजापेठेत. ठाण्यात एकच एटीव्ही होती. जाड चाकं चार, पण मोटरसायकलसारखी हँडल धरून चालवायची. रोज सकाळी ७.०० वाजता ती रेशन आणि रॉकेल घेऊन सहा किलोमीटर वरच्या चौकीला जायची. चालवायचा नाईक वसंत, अकोटचा. ड्यूटीवर मला 'साब' म्हणायचा, चहाच्या वेळी 'भाऊ'.

ऑक्टोबरात शेवटच्या चढावर तेल तापल्याचा लाल दिवा लागू लागला. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "मॉडिफिकेशन करना है? तुम बताओ." भंगारात एका मोठ्या इंजिनाचा ऑइल कूलर पडला होता. इंजिनाचं तेल त्याच्या जाळीतून फिरतं आणि वाऱ्यानं निवतं. तो पुढे हँडलखाली बसवायचा तर तेलाची नळी हातभर लांब करावी लागणार होती.

वसंतला पटलं नाही. "भाऊ, अर्धं वझं नेऊ, दोन फेऱ्या मारू. महिन्याभरात इथं तेल तापनार नाही, गोठन."

"पेट्रोल तुझ्या घरून येतं का?"

"तुमच्या डोक्यातून आपला उन्हाया जाऊनच नाही राह्यला."

खरं होतं. वऱ्हाडात पाना धरायला शिकलेल्या मेकॅनिकला इंजिनाचा एकच वैरी ठाऊक असतो, ताप. मी कूलर बसवला. नळीची टोकं धरून ठेवणारे क्लॅम्प स्वतः आवळले. लाल दिवा बंद झाला, साहेबांनी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

डिसेंबरात पारा उणे पंचवीसवर गेला. मी कूलरवर बारदान बांधलं. थंडीनं घट्ट झालेलं तेल लांब नळीत तुंबलं तर दाबानं नळी सुटेल, असं वसंतला सांगून नियम केला : इंजिन पंधरा मिनिटं गरम झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. जुन्या आखूड नळीला एवढे लाड लागत नव्हते, हे मला समजत होतं. पण केलेलं काम परत खोलायला मन होईना.

एके दिवशी सकाळी ५.४० वाजता वरून वायरलेस आला. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता, वरचा ऑक्सिजन संपत आला होता. ५.४५ ला वसंतनं इंजिन चालू केलं. ५.५० ला सिलिंडर बांधून हँडल धरलं.

"दहा मिनिटं थांब," मी म्हणालो.

"त्याच्यापाशी नाहीत साब दहा मिनिटं."

मी बाजूला झालो.

६.२५ ला त्याचा आवाज आला. वायरलेसवर मराठी बोलायची मनाई होती, पण तो बोलला.

"भाऊ, कूलरची नयी सुटली. तेल गेलं, इंजिन जाम. पायी जातो. ओव्हर."

"रुको. दूसरी पार्टी भेज रहे हैं. ओव्हर," मी हिंदीतच म्हणालो.

"कावून थांबू? सिलिंडर माह्यापाशी हाये. आउट."

राहिलेला दीड किलोमीटर चढ तो सिलिंडर पाठीवर घेऊन चढला. ७.४० ला चौकीत पोचला. जवानाला ऑक्सिजन लागला, तो वाचला. वसंत भिंतीला टेकून बसला. कुणीतरी त्याच्यासाठी चहा आणला, तो घ्यायला त्याचा हात उठला नाही. ८.१० ला वसंत गेल्याचं आम्हाला कळवलं गेलं.

चौकशीत मी नळीबद्दल सगळं सांगितलं. रिपोर्टात 'अतिथंडी आणि घाई' असं आलं.

निवृत्तीनंतर दरवर्षी मी एसटीनं अकोटला जातो. वसंतच्या बायकोला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, गाडी थंडीनं बंद पडली. या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका बागायतदारानं आपली एटीव्ही माझ्या गॅरेजात आणली. तापते, मोठा कूलर बसवा म्हणाला. अकोल्याच्या उन्हात ते अगदी बरोबर होतं. पण क्लॅम्प अर्धा आवळून मी पाना खाली ठेवला. काम तसंच टाकून मी अकोटची गाडी धरली.

वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"त्यायले मालूम होतं, नयी दगा देईन म्हनून?"

"होतं. त्यानंच मला आधी बजावलं होतं."

त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"मंग मालूम असून गेले," त्या म्हणाल्या. "हे तुमी आदी सांगाले पायजे होतं, भाऊ. मले वाटे, गाडीनं फसोलं त्यायले."

रिपोर्टात थंडी आहे, घाई आहे. नळी नाही. म्हणून ती मी इथे लिहिली. बसवणारा मी. ती माहीत असून चढ चढणारा नाईक वसंत, राहणार अकोट.