बाहेरून लावलेलं कुलूप

वस्तीतल्या बायकांनी मुक्तीवरचं माझं भाषण अर्ध्यात सोडून जाऊ नये, म्हणून एकदा मी बालवाडीच्या दाराला आतून कडी लावली आणि दारापुढेच उभी राहिले. एका जहाल विचारवंताचं पुस्तक नुकतंच वाचलं होतं. संघटना बांधायला तेवढं पुरतं, असं माझं तेव्हाचं शहाणपण.

आज मुलगा माझ्या काळजीपोटी बाहेरून कुलूप लावून कामावर गेलाय. खिडकीच्या काचेवर एक गांधीलमाशी डोकं आपटतेय. तिचं भलं कुणी चिंतलंय, कोण जाणे.

त्या दिवशी बाहेर नळाला पाणी आलं, दिवसातून एकदाच येणारं. बायका भिडेखातर जागीच बसून नुसता पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या. शेवटी म्हातारी सोनाबाई उठून माझ्याजवळ आली नि हळूच म्हणाली, "बाई, मुक्तीचं मागनं सांगा. आधी कडी काढा."