कपाटाची काच

मिरजेत माझे अब्बा तंबोरे बनवतात. वाईच्या एका गाणं शिकवणाऱ्या गुरुजींनी त्यांनी बनवलेला नवाकोरा तंबोरा परत पाठवला. वर सगळ्या शिष्यांसमोर म्हणाले, "भोपळा फुटका आहे, खरखरतोय. म्हाताऱ्याचा कान गेला." आमच्या गल्लीत ते पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. मी घरी तारा छेडून पाहिल्या. आवाज लख्ख! पण अब्बा म्हणाले, "गुरुजी म्हणत्यात तर असंल." घोडीवर तार टेकते ती जागा घासून आवाज लावायची कानस त्यांनी खाली ठेवली, ती ठेवलीच. माझं डोकं सटकलं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. खरखर वाईत येते आणि मिरजेत येत नाही, म्हणजे चोर गुरुजींच्याच घरात. मुद्दाम रविवारी, भरल्या क्लासच्या वेळेला, अब्बांना न सांगता तंबोरा गोधडीत गुंडाळून एसटीने वाई गाठली. एकट्यात सांगून माझं भागणारच नव्हतं.

गुरुजींच्या क्लासात सगळ्यांसमोर तार छेडली. खर्रर्र. "ऐकलंत?" गुरुजी हसले. हसा म्हटलं, हसून घ्या. तंबोरा ओसरीवर नेला, स्वच्छ. आत आणला, पुन्हा खर्रर्र. मग एका मुलीला तार छेडायला लावून मी गुरुजींच्या सत्काराच्या ढालींनी भरलेल्या कपाटाच्या काचेवर हात दाबून धरला. खरखर गायब!

"प्रत्येक वस्तूची थरथरायची आपली एक गती असते," मी म्हटलं. "त्याच गतीची लाट हवेतून आली की ती वस्तू कुणी हात न लावता थरथरते. अनुनाद म्हणतात ह्याला. तुमची काच सैल आहे, गुरुजी. धरा आता तुम्ही." आणि धरली की त्यांनी! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

तरी माझं पोट भरेना. त्यांच्याच फोनवरून अब्बांना फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू केला.

"भोपळा चांगला आहे हो. माझी काच वाजत होती."

"आँ?"

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं. ते पुन्हा बोलले. पुन्हा "आँ?" तिसऱ्यांदा ओरडलेच, आणि पोरी फिदीफिदी हसल्या.

"आवं गुरुजी, तंबोऱ्याचंच म्हणताय न्हवं?" अब्बा म्हणाले. "तुमचं खरं हाय. कान गेलाच माझा. वरीस झालं, झंकार ऐकूच येत न्हाई. हाताला लागंल तशी घोडी घासतोय. माझ्या पोरीला तेवढं सांगू नका."

कुणीच हसेना. स्पीकर मीच लावला होता.