चाळीस पानांच्या पुस्तिकेतलं पान ४१

ऑगस्टमधला दुसरा मंगळवार. काम साधं होतं. चिकलठाण्यातल्या एका कारखान्याची मशीनपुस्तिका पुन्हा छापायची होती. ती तपासून बुधवारी दुपारपर्यंत छापखान्यात पाठवायची.

मी टेक्निकल रायटर आहे. मशीनसोबत जी पुस्तिका मिळते आणि कुणी वाचत नाही, ती मी लिहिते. अशी पुस्तिका कादंबरीसारखी वाचत नाहीत. अडलेला माणूस तिच्यात शोधत येतो. म्हणून पुढे अनुक्रमणिका, मध्ये मथळे, धोक्याच्या सूचना चौकटीत आणि मागच्या कव्हरच्या आत सूची: विषय, पुढे पानाचा नंबर. मी तपासायला सुरुवात सूचीपासून करते. चुका तिथं लवकर सापडतात.

सूचीत एक ओळ होती: ‘बंद मशीन हलणे – ४१’.

पुस्तिका चाळीस पानांची होती.

छपाईची चूक असेल म्हणून पुढे गेले. पान १७, साफसफाई: ‘हात घालण्यापूर्वी पान ४१ पाहा.’ पान २६, डाय बदलणे: ‘पान ४१ पाहा.’ पान ३३ वर एका काळ्या चौकटीत फक्त एवढंच: ‘पान ४१.’ ही पुस्तिका मुळात लिहिणारे गृहस्थ वारले होते, विचारणार कुणाला? मी पानं पुन्हा मोजली. चाळीसच.

जेवणाच्या सुट्टीत शॉपवर, म्हणजे मशीन चालतात त्या शेडमध्ये गेले. पुस्तिका ज्या मशीनची, तो हा एअर प्रेस. हवेच्या दाबानं वरचा जड भाग, म्हणजे रॅम, खाली येतो आणि पत्रा कापतो. खालच्या साच्याला डाय म्हणतात. मेन स्विच बंद होता, दिवा विझलेला. रेहाना ही तिथली जुनी ऑपरेटर. हात आत घालून डाय पुसत होती आणि तोंडानं आकडे मोजत होती. नव्वदला तिनं हात बाहेर काढला. मी डाय बघायला बोट पुढं केलं, तर तिनं माझं मनगट धरलं.

“हात काढा मॅडम. म्हातारा यायचा हाय अजून.”

“कोण म्हातारा? मशीन बंद आहे ना?”

“व्हय, बंदच हाय. गप बघा.”

शॉपमध्ये आम्ही दोघीच. पंखेसुद्धा थांबलेले. मशीनमधून कुणी दम सोडावा तसा आवाज आला आणि रॅम खाली यायला लागला. घाई नाही, धक्का नाही. डायवर टेकला आणि थांबला. माझं बोट जिथं असतं, तिथंच.

“रोज असं?”

“रोज. कधी दीडशेला येतो, कधी शंभरलाच. आधी आमचा लाकडी ठोकळा होता. खाली लावला की म्हातारा वरच राहायचा. उशी म्हणायचो त्याला. बाकीच्या बाया हळदकुंकू लावायच्या. नवीन सायबानं मागच्या आठवड्यात भंगारात टाकला. म्हणले, माझ्या शॉपमधी अंधश्रद्धा नको.”

“त्यांना सांगितलं नाही?”

“सांगितलं की. लई हसले.”

ऑफिसच्या कपाटात जुनी टाइप केलेली प्रत मिळाली. तिच्यात पान ४१ होतं. स्विचनं वीज बंद होते, पण रॅमला वर धरून ठेवणारी हवा आत कोंडलेली राहते. ती हळूहळू गळते आणि रॅम स्वतःच्या वजनानं उतरतो. म्हणून आधी आधार लावा, मग हवा सोडा. खाली चित्र: रॅम, आणि त्याखाली लाकडी ठोकळा. ते पान कुणीच वाचलेलं नव्हतं. तरी इतकी वर्षं ते मशीनवर पाळलं जात होतं.

मी प्रत साहेबांपुढं ठेवली.

“अहो मॅडम, पिन मारलेली पुस्तिका चारच्या पटीत असते. एका पानासाठी चार वाढतात. म्हणून कुणीतरी काढलं असेल. आणि आजवर झालंय का कुणाला काही?”

“ठोकळा होता तोवर नाही.”

ते चित्राकडं बघत राहिले. हसले नाहीत. “ठोकळा परत लावा,” म्हणाले, “पण पानं चाळीसच.”

पान काढलं तरी त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या ओळी मागे राहतात. त्या खोडण्याआधी त्या काय दाखवतात ते बघावं, एवढंच मी शिकले.

बुधवारी सकाळी भंगारातून ठोकळा शोधून रेहानाच्या हातात दिला. कुंकू पुसलं नाही. मग फाइल उघडली. पान १ वर एमडींचं मनोगत होतं, फोटोसकट. ते काढलं. तिथं ४१ टाकलं, सूचीतले आणि आतले नंबर बदलले आणि फाइल पाठवली. पानं चाळीसच भरली.